नुस्त्याच्या डोक्यापासून सुरुवात करा: गोव्यातल्या वाड्यासाठी कचऱ्याची कामाची गोष्ट

सहा वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरच्या दहा घरांनी एक आठवडा आपापला कचरा तोलला. काटा साधाच, भंगारवाल्याकडे असतो तसला हुकाचा. कुणी हसलं, कुणी म्हणालं, आता हेच राहिलं होतं! आमच्या घरात पाच माणसं. सात दिवसांत साडेनऊ किलो भरला. त्यातला जवळजवळ सात किलो ओला: भाजीचे देठ, भाताची पेज गाळून राहिलेलं, फणसाची चारखंडं आणि नुस्त्याची, म्हणजे माशांची, डोकी, आतडी, खवले. पाच माणसांचं आठवड्याचं सगळं प्लास्टिक किलोभरही नव्हतं.

कचरा कमी करायचा म्हटलं की सगळे प्लास्टिकपाशी जातात, कारण ते डोळ्यांना खुपतं. मीही तिथूनच सुरुवात केली आणि वर्ष वाया घालवलं. भिजलेल्या, माशाच्या वासाच्या पिशव्या कुणी घेत नाही. ओलं घराबाहेर गेलंच नाही तर सुकं आपोआप स्वच्छ राहतं, आणि स्वच्छ सुक्याला गिऱ्हाईक असतं. म्हणून हा लेख नुस्त्याच्या डोक्यापासून सुरू होतो आणि चिप्सच्या पाकिटाशी संपतो, उलटा नाही.

ओलं ढिगात गेलं की काय होतं

घरातला भाजीपाला झाडाखाली पडला की त्याची माती होते. तोच पिशवीत बांधून मोठ्या ढिगाच्या पोटात गेला की हवा मिळत नाही, तो कुजतो आणि मिथेन वायू सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीसपट उष्णता धरून ठेवतो. तो पेटतोही. मडगावजवळच्या सोनसोड्याच्या ढिगाला मे २०१९ मध्ये लागलेली आग अनेकांना आठवत असेल. धूर आसपासच्या गावांपर्यंत दिवसचे दिवस होता.

दुसरी गोष्ट आपल्या जमिनीची. गावाचा कचरा टाकायचा तर 'पडीक' म्हणून सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, निवडायचा, ही जुनी सवय. पण सडा पडीक नसतो. जांभ्या दगडाला भोकंच भोकं, पावसाचं पाणी त्यातूनच मुरतं आणि खाली झरीला, विहिरीला लागतं. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढं पाणी ढिगातून गाळून निघालं की जो काळा पाझर तयार होतो, तो उताराखालच्या वाड्याच्या वाट्याला येतो.

सरकारी व्यवस्था उभी राहिली आहे हे खरं. साळगावचा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे, तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज करतात. दक्षिणेसाठी काकोड्याला प्रकल्प आहे. पण ओलं-सुकं एकत्र कालवून पाठवलं तर तिथेही ते माणसांना आणि यंत्रांना पुन्हा निवडावंच लागतं. आपण स्वयंपाकघरात दोन सेकंदांत करतो ते काम तिथे कितीतरी महाग पडतं, आणि करणाऱ्याच्या हाताला काच लागते ती वेगळीच.

पहिलं काम: तोला

घरात चार पिशव्या लावा: ओलं, सुकं, सॅनिटरी आणि घातक. हे मनाने सांगत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओलं, सुकं आणि घरगुती घातक असे तीन वाटे सांगितले होते, २०२६ च्या नव्या नियमांनी सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा चौथा वाटा केला. रोज रात्री तोलून कागदावर लिहा, सात दिवस. नारळाची सोडणं (वरची सालं) आणि अंगणातला पातेरा (गळलेली पानं) यात धरू नका, नाहीतर आकडा फुगतो आणि घरातली माणसं घाबरतात.

हा आठवडा टाळू नका. 'आमच्याकडे कचराच होत नाही' म्हणणारी माणसं याच आठवड्यात गप्प होतात.

दुसरं काम: ओल्यासाठी तीन ड्रम

परसू असेल तर प्रश्नच नाही, खड्डा काढा. पण दाटीच्या वाड्यावर किंवा गच्चीवर मी ड्रमच सुचवीन. पन्नास लिटरचे तीन, झाकणवाले. रसायनाचा ड्रम घेऊ नका, खाद्यतेलाचा किंवा लोणच्याचा मिळतो. चहूबाजूंनी आणि तळाला बोटाएवढी भोकं पाडा, वीतभर अंतरावर. तीन चिऱ्यांवर ठेवा, खाली थाळी. भोकांवर आतून जुनी मच्छरदाणी चिकटवली तर माशा कमी येतात.

तळाला चार बोटं सोडणाचे तुकडे घाला, म्हणजे पाणी निथळतं. त्यावर दोन मुठी जुनं शेणखत किंवा काजूच्या झाडाखालची काळी माती. बाजारचं विरजण विकत घेण्याची गरज मला तरी कधी पडली नाही. आंबट ताक शिंपडलं की काम होतं.

मग रोजचा नेम: दिवसभराचं ओलं बारीक करून घाला आणि त्यावर तेवढाच, शक्यतो दुप्पट, सुका पातेरा चुरून पसरा. ही दुसरी पायरी लोक गाळतात. ओल्यात नत्र आणि पाणी, सुक्यात कार्बन आणि मधली हवा. दोन्हींची सांगड नसली की ड्रम नासतो. तीन-चार दिवसांनी काठीने खालचं वर करा.

तपासायची युक्ती सोपी आहे. मूठभर उचला आणि पिळा. बोटांतून एखादा थेंब आला तर ठीक. धार लागली तर फार ओलं, आणखी पातेरा घाला. मूठ उघडताच भुसा सांडला तर कोरडं, पाणी शिंपडा. अमोनियाचा झणझणीत वास आला तर हिरवं जास्त झालं. अंडं नासल्यासारखा आला तर हवा नाही, ढवळा. पांढऱ्या-करड्या जाड अळ्या दिसल्या तर ओरडू नका. बहुतेक वेळा त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, त्या घरातल्या माशा नव्हेत आणि चावत नाहीत. उलट कचरा झटपट खातात. माझ्या सासूबाईंना ते पटायला दोन महिने लागले. मग त्याच अळ्या वेचून कोंबड्यांना घालू लागल्या.

पहिला ड्रम भरायला महिना-दीड महिना लागतो. भरला की झाकून बाजूला ठेवा, दुसरा सुरू करा. तिसरा भरेपर्यंत पहिल्यातलं खत तयार होतं: काळं, मोकळं, पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास. चाळून घ्या, न कुजलेले तुकडे पुढच्या ड्रमात टाका, तेच नवं विरजण.

लिंबाच्या साली, कांद्याच्या साली, चहाची पावडर, अंड्यांची टरफलं चालतात. तेलकट आमटी फार नको. आंब्याच्या कोयी आणि फणसाचं पाव (मधला दांडा) ड्रमात वर्षभर तसंच राहतं, ते खड्ड्यात किंवा गुरांना.

नुस्तं: ड्रमात नको, जमिनीत

नुस्त्यावर लेखात फार ओळी खर्च करते आहे असं वाटेल, पण गोव्यात बहुतेक घरी आठवड्यातून चार दिवस तरी हाच सगळ्यात वास मारणारा माल. म्हणून तो सोडवलात तर अर्धी लढाई जिंकली.

माड किंवा केळ असेल तर बुंध्यापासून चार-पाच फुटांवर दीड फूट खोल भेंड (खड्डा) काढा. डोकी, आतडी, कोलंबीची सालं घाला, वर पातेरा आणि मग निदान वीतभर माती दाबून भरा. विहिरीपासून लांब, पन्नास फूट तरी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वर चिरा ठेवा. पहिल्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात मी चिरा ठेवायचा कंटाळा केला. सकाळी उठले तर शेजारच्या काकींच्या तुळशीवृंदावनापाशी बांगड्यांची सात डोकी ओळीने मांडलेली, आणि वाड्याचे तीन कुत्रे पाय पसरून झोपलेले. काकी तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. चवथीनंतर बोलल्या.

रोज खड्डा कोण काढणार? कुणीच नाही. म्हणून आम्ही एकदम सहा भेंडं काढून ठेवतो आणि आलटून-पालटून भरतो. एका भेंडात परत माल घालायला दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. माडाला जे मिळतं ते तुम्हाला पुढच्या वर्षी आडसरांत (कोवळ्या नारळांत) दिसेल.

तिसऱ्या, खुबे, शिनाणे यांच्या शिंपल्या वेगळ्या. त्या कुजत नाहीत, पण चुनाच आहेत. आपली जांभी माती आंबट असते, म्हणून शिंपल्या वरवंट्याने किंवा चिऱ्यावर ठेचून कुंड्यांत, माडाच्या आळ्यात घाला. आंबटपणा हळूहळू मोडतो.

फ्लॅटमध्ये माती नाही म्हणून घाबरू नका. नुस्त्याचा घाण माल जुन्या आइसक्रीमच्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि ओल्याची गाडी येते त्या सकाळी बाहेर काढा. घरात वास नाही, जिन्यात गळती नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा मात्र; आमच्या एका नातेवाइकांनी पाहुण्यांसमोर तो डबा चुकून उघडला.

नारळाचं सोडण ड्रमात घालू नका, वर्षानुवर्षं जात नाही. माडाच्या आळ्यात पोट वर करून ओळीने रचा, वर माती घाला. ओल धरून राहतं. करवंट्या चुलीला, किंवा विकायला. कोळसा करणारे घेतात.

फेब्रुवारीतलं काम, जे जूनमध्ये कळतं

आमचा पहिला ड्रम जुलैत बुडाला. भोकांतून पाऊस आत, काळा पाझर खाली, वरून वास असा की पोदेराने (पाववाल्याने) आमच्या दारापुढे सायकलची घंटी वाजवणं सोडलं. चूक माझी होती. पावसाळ्यात कचरा ओला, हवा ओली, अंगणातला पातेराही ओला. कोरडं घालायला घरात काहीच नव्हतं.

म्हणून कॅलेंडरवर खूण करा. डिसेंबरपासून मार्चपर्यंत काजू, आंबा, फणस पानं टाकतात. तेव्हा गोळा केलेला पातेरा पोत्यांत दाबून पडवीत किंवा माळ्यावर ठेवा. पाच माणसांच्या घराला जून ते सप्टेंबरसाठी आठ-दहा पोती लागतात. ही कचऱ्याची निगुती आणि कुळागराची (माड-पोफळीच्या बागेची) निगुती एकच आहे: पावसाळ्याची शिदोरी उन्हाळ्यात बांधायची. सुताराकडचा भुसाही चालतो, फक्त तो पॉलिशचा किंवा प्लायवूडचा नको.

ड्रम पडवीत किंवा पत्र्याखाली घ्या. पावसात खत व्हायला थोडे जास्त दिवस लागतात, घाई करू नका.

याचा दुसरा फायदा असा की पातेरा जाळायचा प्रश्नच उरत नाही. संध्याकाळी अंगण झाडून कोपऱ्यात काडी लावायची, ही आपल्याकडची जुनी चाल. पानांबरोबर त्यात दुधाच्या पिशव्या, चिंध्या, बिस्किटाचे कागद जातात. प्लास्टिक, विशेषतः पीव्हीसी, असं कमी तापमानाला जळलं की डायॉक्सिनसारखी विषं निघतात आणि ती शेजारच्या मुलांच्या छातीत जातात. उघड्यावर कचरा जाळायला कायद्याने बंदी आहे. पण वाद कायद्यावर घालू नका, पोतं नेऊन द्या. मी माझ्या शेजारणीला जानेवारीत एक रिकामं पोतं दिलं आणि सांगितलं, भरलं की मी घेते. तिने भरून दिलं. विस्तव पेटला नाही.

सुकं: धुऊन, वाळवून, चार पोत्यांत

ओलं सुटलं की सुक्याकडे पाहायला हुरूप येतो. एक नियम पुरे: जे पोत्यात जाईल ते कोरडं असलं पाहिजे. भांडी घासून उरलेल्या पाण्यात दुधाची पिशवी खळबळून काढा, कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने लटकवा. कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच चिकटून राहू द्या. तो सुटा तुकडा निवडणाऱ्याच्या हातातून हमखास निसटतो आणि थेट ओहोळात जातो.

पहिल्या वर्षी आम्ही महिनाभर जमवलेलं सुकं भंगारवाल्याकडे नेलं. पुठ्ठे पडवीच्या कडेला होते, पाऊस तिरका आला होता. त्याने एक गठ्ठा हातात घेतला, वजनकाट्यावर टाकलाच नाही. म्हणाला, "बाई, भिजलाय. वजन पाण्याचं, पैसे पुठ्ठ्याचे कसे देऊ?" तेव्हापासून पुठ्ठे फळीवर, जमिनीपासून वर.

चार पोती अशी:

कागद-पुठ्ठा. दुधाचे-रसाचे आतून चांदी लावलेले खोके यात नाहीत, ते वेगळे. तेल लागलेला पिझ्झाचा खोका फाडा. स्वच्छ झाकण कागदात, तेलकट तळ ड्रमात.

प्लास्टिक. बाटलीच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या, सरबताच्या पारदर्शक बाटल्या. २ म्हणजे शॅम्पू, फिनाइलचे जाड डबे. ४ दुधाच्या पिशव्या. ५ दह्याचे डबे, झाकणं. हे बहुतेक ठिकाणी विकतात. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे थर्माकोल आणि तसलेच. यांचं गिऱ्हाईक क्वचित. भंगारवाल्याला एकदा बसवून विचारा, तो काय घेतो आणि काय नाही. आम्ही त्याने सांगितलेली यादी दाराच्या मागे चिकटवली आहे.

काच आणि धातू. बिअरची, सोड्याची अखंड बाटली भंगारवाला नगावर घेतो, फुटली की भावही फुटला. म्हणून बाटल्या खोक्यात उभ्या. फुटलेली काच वर्तमानपत्राच्या चार घड्यांत, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर 'काच' असं लिहून. गाडीवरचा माणूस पिशवी उघड्या हाताने उचलतो, हे विसरू नका.

आणि चौथं पोतं, 'कुणी घेत नाही' ते. चिप्सची, बिस्किटांची, मसाल्याची पाकिटं, शॅम्पूचे पाऊच, टूथपेस्टच्या ट्यूबा. यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत, म्हणून रिसायकल होत नाहीत. हा माल पंचायतीच्या किंवा पालिकेच्या शेडमार्फत गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाकडे जातो, तिथे दाबून गठ्ठे होतात आणि ते कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. हे रिसायकलिंग नव्हे, जाळणंच आहे, पण अंगणातल्यापेक्षा कितीतरी जास्त तापमानाला. म्हणून इथे खरा इलाज एकच, पाकीट घरात कमी आणणं.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल पेनने फुली करा आणि वेगळेच द्या. डायपरच्या बाबतीत माझ्याजवळ गोड उत्तर नाही. घरी असताना दिवसा लंगोट, बाहेर आणि रात्री डायपर, एवढं केलं तरी वजन अर्ध्यावर येतं. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, जुनी औषधं, रंगाचे डबे, मोबाइलचे चार्जर यांच्यासाठी बरणी किंवा खोका स्वतंत्र. ट्यूब फोडू नका, आत पारा असतो. सुया-इंजेक्शन झाकण असलेल्या जाड डब्यात. आमच्याकडे हा खोका वर्षातून दोनदा भरतो.

वाड्याचं काम: दहा घरं, शंभर नव्हे

एकट्याचं घर सुधारलं तर चारशे ग्रॅम प्लास्टिक घेऊन कुणी भंगाराच्या दुकानात जात नाही. म्हणून गट लागतो. पण सगळा प्रभाग एकदम धरू नका. आम्ही दहा घरांपासून सुरू केलं. त्यांतली चार घरं मनापासून, चार लाजेखातर आणि दोन कुतूहलाने आली होती. आज चौतीस आहेत.

आधी चौकशी. गोव्यात १९१ पंचायती आहेत आणि प्रत्येकीची घडी वेगळी. तुमच्या पंचाकडे जा आणि एवढंच विचारा: सुक्याची गाडी कुठल्या वारी येते, ओल्याची कुठल्या, शेड कुठे आहे, घातक कचरा कोण घेतो. उत्तरं कागदावर घ्या. ती नसतील तर ग्रामसभेत तेच प्रश्न लेखी मांडा, तिथे नोंद होते. मागायचं असेल तर मोघम 'स्वच्छता' मागू नका. 'सुक्याची गाडी बुधवारी, ओल्याची रोज' असं नेमकं मागा.

मग जागा. कुणाचा तरी जुना गोठा, बंद पडलेलं दुकान, देवळाच्या अग्रशाळेमागची पडवी. छप्पर, कुलूप आणि जमिनीपासून वीतभर उंच फळ्या, एवढं असलं की झालं. ओलं तिथे आणायचंच नाही, हा पहिला नियम भिंतीवर लिहा.

मग दिवस. आमचा महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी आठ ते दहा. प्रत्येक घर आपली पोती आणतं, दोन माणसं तपासतात, तोलतात आणि वहीत लिहितात. ओलसर माल परत. त्यात भिडस्तपणा नको. पहिल्या महिन्यात मी स्वतः माझ्या जावेची पिशवी परत केली, तेव्हा बाकीच्यांना कळलं. साडेदहाला भंगारवाल्याचा टेम्पो. भाव त्याच्याकडून आधी फोनवर विचारून घ्या, कारण तो दर महिन्याला बदलतो.

पैसे फार येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात 'पैसे कुठे गेले' सुरू होतं. आम्ही ते वाटून घेत नाही. पहिल्या वर्षीच्या पैशांतून कचरा उचलणाऱ्यांसाठी जाड हातमोजे आणि गमबूट घेतले, दुसऱ्या वर्षीच्या पैशांचं पुढे सांगते.

पणजी महापालिकेने कचरा सोळा प्रकारांत वेगळा करण्याची पद्धत रुजवली, हे ऐकून काही जण पहिल्याच दिवशी सोळा खोके मांडतात. मांडू नका. शहराकडे त्यासाठी माणसं आणि पुढची गिऱ्हाइकं आहेत. वाड्याला चार पोती झेपतात. पाचवं वाढवायचं ते त्याला घेणारा मिळाल्यावरच.

गृहनिर्माण सोसायटीत राहत असाल तर काम थोडं सोपं, कारण निर्णय एका सभेत होतो. दिवसाला शंभर किलोपेक्षा जास्त कचरा होत असेल तर तुम्ही नियमानुसार मोठे कचरा उत्पादक ठरता आणि ओलं शक्यतो आवारातच जिरवणं ही तुमची जबाबदारी. भाड्याने पर्यटकांना दिलेले फ्लॅट ही वेगळीच डोकेदुखी. तिथे सूचनांचं पान कुणी वाचत नाही. आत एकच मोठी बादली ठेवण्याऐवजी दोन छोट्या ठेवा, एक हिरवी झाकणाची, एक निळी, आणि रिकाम्या बाटल्यांसाठी दाराबाहेर खोका. बाटल्या वेगळ्या झाल्या तरी पुष्कळ.

चवथ, लग्न, जत्रा

वर्षभर सांभाळलेलं एका लग्नात वाया जातं. प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या, थर्माकोलचे कप, पाण्याच्या छोट्या बाटल्या. काही एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर, त्यात प्लास्टिकच्या ताटल्या, कप, चमचे आणि सजावटीचा थर्माकोल आला, १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि पिशव्या १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाहीत. तरी मांडवात काय दिसतं ते तुम्हीही पाहिलं असेल.

आमच्या दुसऱ्या वर्षीच्या पैशांत थोडी वर्गणी घालून आम्ही दोनशे स्टीलची ताटं, वाट्या आणि पेले घेतले. वाड्यातल्या कुणाच्याही कार्याला फुकट, घासून परत करण्याच्या बोलीवर. मांडवाच्या मागे पाण्याची टाकी आणि दोन बायका घासायला, त्यांची मजुरी यजमानाची. पिण्याच्या पाण्यासाठी माठ किंवा वीस लिटरचे जार. परत येताना ताटं मोजायची, हे विसरलात तर सहा महिन्यांत ही ताटांची बँक बुडते.

माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या सजावटीचं, तसं काही शिकवावं लागत नाही. फळं, रानातली पानं, फुलं, सगळं मातीचंच. बिघाड आला तो बांधायच्या दोरीत. पूर्वी केवणीच्या, म्हणजे रानातल्या एका झुडपाच्या, सालीचे दोर असत, आता नायलॉनची सुतळी आणि तार. विसर्जनानंतर निर्माल्य काढताना ती तार हाताने सोडवून काढावी लागते आणि राहिली तर खतात येते. गावात केवण ओळखणारं एखादं वयस्क माणूस अजून असतं, चवथीच्या आठवडाभर आधी त्याला गाठा. निर्माल्य ड्रमात नको, खूप होतं. वेगळा खड्डा आणि वर पातेरा. मूर्ती मातीचीच आणा. प्लास्टर ऑफ पॅरिस विरघळत नाही, तळीत तुकडे महिनोन्‌महिने राहतात.

जिथे अडतं तिथे

"आम्ही घरपट्टी भरतो, गाडीवाल्याने वेगळं करावं" हे तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. वाद घालू नका. त्या घरातल्या मुलाला दुसऱ्या रविवारी काटा धरायला बोलवा. आमच्याकडे दोन घरं अशीच आली.

एकदा आम्ही नीट वेगळं करून दिलेलं सगळं गाडीत एकत्र टाकलं गेलं, आमच्या डोळ्यांसमोर. त्या दिवशी चार घरांनी हात वर केले, 'मग आम्ही कशाला मरायचं?' राग रास्त होता. आम्ही फोटो काढला, तारीख-वेळ लिहिली, लेखी अर्ज दिला आणि पुढचे तीन महिने ओलं अजिबात दिलंच नाही. गाडीत टाकायला ओलंच नसेल तर मिसळणार काय?

कुणी घर सोडून गेलं, कुणी आजारी पडलं, पावसात कुणाचा ड्रम बिघडला तर गटातल्या दुसऱ्याच्या ड्रमात घाला. आम्ही दर घरी 'जोडीचं घर' ठरवलं आहे. बाळंतिणीच्या घरून तीन महिने कुणी वेगळं करण्याची अपेक्षा ठेवत नाही, त्यांचं ओलं जोडीचं घर नेतं.

आणि विकत घेतानाच थोडं आवरा. पोदेराचे पोळे (पाव) कापडी पिशवीत येतातच, त्या पिशवीचा पत्ता किराणा दुकानाला माहीत नाही एवढंच. बाजारात जाताना नुस्त्यासाठी झाकणाचा डबा न्या. पहिल्या दिवशी नुस्तेकान्न (मासेवाली) हसते, दुसऱ्या दिवशी विचारते, डबा कुठे? पिशवीचे पैसे वाचतात म्हणून ती एखादा बांगडा वरून टाकते, असं माझं निरीक्षण आहे, पण याची हमी देत नाही.

मागच्या वर्षी आम्ही पुन्हा तोललं. काटा तोच, घरं चौतीस. आमच्या घरातून आता आठवड्याला बाहेर जातो तो कचरा सव्वा किलो, त्यात जास्त करून चौथ्या पोत्याचा माल आणि नातवाचे डायपर. ताटांच्या बँकेत दोनशेपैकी एकशे सत्त्याण्णव ताटं आहेत. उरलेली तीन कुणाच्या घरी गेली ते वाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे.